घोडा तिथला, सौदा इथला

शिगमा आटोपतो, घोडेमोडणी या लोकनृत्याचे लाकडी घोडे कमरेवरून उतरवून पुढच्या फाल्गुनापर्यंत बाजूला ठेवले जातात आणि गोव्यातल्या घराघरांत उन्हाळ्याच्या सहलींचे बेत सुरू होतात. अलीकडे या बेतांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. लडाख, स्पिती, काश्मीरचा वरचा भाग आणि आता थेट किर्गिझस्तान येथे आठ-दहा दिवस घोड्यावर बसून, किंवा घोड्यांच्या पाठीवर तंबू-शिधा लादून, वाटाड्याबरोबर उंच डोंगर पार करण्याची ही मोहीम असते. पणजी, म्हापसा, मडगाव येथे बसून तिची जाहिरात करणारे, पैसे घेणारे आणि पावती देणारे संयोजक आता आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारी माणसे आपल्यातलीच आहेत: शिक्षक, बँकेतले कर्मचारी, डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले सरकारी अधिकारी.

या मोहिमा बंद पडाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. त्या ज्या भावात आणि जेवढी माहिती दडवून इथे विकल्या जातात, ते मात्र थांबले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. ते थांबवण्याचे काम लेहच्या किंवा शिमल्याच्या सरकारवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही, कारण घोडा तिथला असला तरी सौदा गोव्यात होतो. किती माणसांमागे किती घोडे, विश्रांतीचे दिवस किती, घोडेवाल्याला परतीचे पैसे मिळणार की नाही, हे सारे पैसे भरण्याच्या क्षणी ठरून जाते. नंतर डोंगरात कोणी कितीही चांगला वागला तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी पणजीतील एका संयोजकामार्फत आम्ही अकरा जण लडाखला गेलो होतो. रुम्त्से गावाहून निघायचे, त्सो कार या खाऱ्या सरोवराच्या काठाने जायचे आणि आठव्या दिवशी त्सो मोरीरीच्या तीरावरील कोरझोकला पोहोचायचे, असा तो मार्ग होता. हा सगळा चांगथांगचा, म्हणजे चांगपा मेंढपाळांचा मुलूख. मुक्काम साडेचार हजार मीटरच्या आसपास आणि वाटेतल्या खिंडी पाच हजारांच्या वर. अकरा माणसांसाठी चौदा घोडे होते, दोन घोडेवाले होते, आणि आमच्यापैकी सहा जणांनी जादा पैसे भरून स्वारीचे घोडे घेतले होते. त्या सहांत मीही होतो. माझे वजन तेव्हा ब्याऐंशी किलो होते आणि पैसे भरताना ते मला कोणीही विचारले नव्हते.

‘पायबंद घालणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो, पण खरा पायबंद मी तिथे पहिल्यांदा पाहिला. संध्याकाळी ओझी उतरवली की घोडेवाला प्रत्येक घोड्याच्या पुढच्या दोन पायांना पिळलेल्या केसांचा एक आखूड दोर बांधायचा आणि त्यांना चरायला सोडून द्यायचा. त्या दोराने घोडा पळू शकत नाही, आखूड पावले टाकत चरत राहतो. तरीही रात्रभरात घोडे गवताच्या शोधात दोन-दोन कोस वर चढून जात, आणि पहाटे, पाणी गोठलेले असताना, तो माणूस शीळ घालत त्यांना हुडकायला निघे. आम्ही चहा घेत असू तेव्हा तो घोडे घेऊन उतरत असे. त्याचा दिवस आमच्या आधी तीन तास सुरू झालेला असे.

चौथ्या दिवशी त्सो कारच्या काठी उतरल्यावर मी सहज माझ्या घोड्याजवळ थांबलो. घोडेवाल्याने खोगीर काढले, पण त्याखालची घोंगडी निघेना. ती पाठीला चिकटली होती. त्याने पाणी शिंपडून ती हळूहळू सोडवली, तेव्हा मानेच्या मुळाशी, जिथे खोगिराची पुढची कमान टेकते, तिथे तळहाताएवढी कातडी गेलेली दिसली. जखमेच्या कडेला पू वाळून पिवळी रेघ झाली होती. म्हणजे जखम त्या दिवसाची नव्हती आणि केवळ माझीही नव्हती. मी विचारल्यावर त्याने सांगितले की आधीची तुकडी पोहोचवून तो रुम्त्सेला परतला त्याला दोनच दिवस झाले होते. या तुकडीसाठी त्याने अठरा घोडे लागतील असे कळवले होते, पण वरून चौदाच मंजूर झाले. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. बोलता बोलता त्याने जखमेवर तेलात कालवलेली हळद लावली, आणि घोंगडीवर जखमेच्या बरोबर वर येणारी जागा अंदाजाने धरून तिथे सुरीने गोल भोक पाडले, म्हणजे दुसऱ्या दिवशी खोगिराचा दाब त्या जागी येऊ नये.

उरलेले चार दिवस मी चालत गेलो. त्याने माझ्या मनाला थोडे बरे वाटले असेल, घोड्याला मात्र फारसे नाही. कारण जादा घोडाच नसल्यामुळे माझ्या जागी त्याच्या पाठीवर दोन पिशव्या आणि रॉकेलचा डबा चढला. आयत्या वेळच्या भूतदयेची मजल एवढीच असते, हे मला त्या चार दिवसांत कळले.

आता थोडा हिशेब मांडू. लडाख-झांस्करचा घोडा काटक असतो, विरळ हवेत राबण्याची त्याची ताकद पिढ्यानपिढ्यांची आहे, पण तो अंगाने लहान असतो. आपण शर्यतींच्या छायाचित्रांत पाहतो तसला उंच घोडा तो नव्हे. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार नसावा, असा संकेत जाणकार पाळतात, आणि त्या भारात खोगीरही धरावे लागते. घोडा तीनशे किलोचा मानला तर हा भार साठ किलो होतो. मी, खोगीर आणि खोगिराला लटकवलेली माझी पिशवी मिळून ब्याण्णव-पंचाण्णव किलो सहज भरलो असणार. कायद्याच्या भाषेतही हे बसत नाही. केंद्र सरकारच्या १९६५ सालच्या नियमांनी ओझे वाहणाऱ्या तट्टासाठी ७० किलोची मर्यादा घातली आहे, खेचरासाठी २०० किलोची. आणि दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक किंवा सलग पाच तासांहून अधिक काम घ्यायचे नाही, असेही त्यांत म्हटले आहे. हे नियम सामानासाठी लिहिले आहेत, माणसासाठी नव्हेत, असा युक्तिवाद कोणी करील. पण घोड्याच्या पाठीला तो फरक कळत नाही. उलट नीट बांधलेले सामान हलत नाही, आणि नवखा स्वार प्रत्येक चढाला मागे आणि प्रत्येक उताराला पुढे कलंडत राहतो.

जनावरावर जादा भार लादण्याची शिक्षा काय आहे, तेही पाहण्यासारखे आहे. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे आणि पहिल्या गुन्ह्यासाठी त्याने ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे. चार हजार मीटर उंचीवर, जिथे दोन दिवस चालूनही पोलीस चौकी लागत नाही, तिथे या दंडाच्या भीतीने कोणी घोड्याच्या पाठीवरचे ओझे कमी करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. म्हणून मला नियंत्रण डोंगरात नको आहे. जिथे पैसा हातातून हातात जातो तिथे हवे आहे.

पैशाची वाट समजून घेतल्याशिवाय घोड्याची अवस्था कळत नाही. गोव्यातला संयोजक दिल्लीतल्या किंवा मनालीतल्या मोठ्या संस्थेकडून मोहीम घेतो, ती संस्था लेहच्या ठेकेदाराला काम देते, ठेकेदार गावच्या घोडेवाल्याला बोलावतो. प्रत्येक पायरीवर आपला हिस्सा काढून झाल्यावर जे उरते त्यात घोडे किती घ्यायचे हे ठरते. जेवण कमी केले तर गिऱ्हाईक ओरडते, तंबू जुना दिला तर गिऱ्हाईक छायाचित्र काढून सगळीकडे पाठवते. चौदाच्या जागी अठरा घोडे हवे होते हे मात्र गिऱ्हाइकाला कळतच नाही, त्यामुळे काटछाट नेमकी तिथे होते. घोडे पेंड खाते ते इथे.

त्यातही एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण कोरझोकला पोहोचून मोटारीत बसतो. घोडेवाल्याला घोडे घेऊन त्याच वाटेने परत जायचे असते. आमच्या घोडेवाल्याला त्यासाठी पाच दिवस लागणार होते आणि त्या पाच दिवसांचे त्याला काहीच मिळणार नव्हते; जुन्या रीतीप्रमाणे परतीचे निदान अर्धे दिवस धरायचे, पण ठेकेदाराने ते सौद्यात कापून घेतले होते. मग तो काय करणार? पाच दिवसांची वाट साडेतीन दिवसांत तोडणार, आणि पुढच्या तुकडीसाठी घोड्यांना विसाव्याचा एकही दिवस न देता पुन्हा उभे करणार. आमच्या घोड्याच्या पाठीवरची जखम अशा कापलेल्या दिवसांतून आली होती. घोडेवाल्याला क्रूर ठरवणे फार सोपे आहे आणि मला ते अन्यायाचे वाटते. आपल्या जनावराची पाठ फुटली तर पुढचे वर्षभर आपले काय होईल, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

वर्षभर असे मी जाणूनबुजून म्हणतो. लडाखमधला मोहिमांचा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा. उरलेल्या काळात, आणि त्यातही बर्फाच्या सहा महिन्यांत, घोड्याला उभ्या जागी खाऊ घालावे लागते. जवाचा पेंढा, वाळवून छपरावर रचून ठेवलेला लसूणघास, परवडले तर थोडे धान्य, हे सारे एकाच पिकाच्या जमिनीतून काढायचे किंवा विकत आणायचे. आपल्या जुन्या कागदपत्रांत घोड्याच्या चंदीचा, म्हणजे खुराकाचा, खर्च शिपायाच्या पगाराइतक्याच काळजीने लिहिलेला असतो. ज्यांनी घोडे बाळगले त्यांना ठाऊक होते की घोडा विकत घेणे सोपे आणि पोसणे कठीण. तीन महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांची चंदी बसत नसेल, तर घोडेवाला एक तर घोड्याला जास्त राबवील, नाहीतर घोडा सोडून देईल.

एखादा हंगाम मुळातच बुडतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात पर्यटकांवर हल्ला झाला. त्या कुरणापर्यंत पर्यटक प्रामुख्याने तट्टांवरूनच जात, आणि मारल्या गेलेल्यांत पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक तट्टूवालाही होता. त्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळे बंद करण्यात आली. बंद हॉटेलचे दिवे मालवता येतात, घोड्याचे पोट मालवता येत नाही.

इथे आपल्याकडच्या प्राणिप्रेमी मंडळींचा आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटेल. ते म्हणतात, एवढे सगळे असेल तर हा प्रकार पूर्णपणे बंदच का करू नये? हौसेसाठी जनावराला डोंगर चढायला लावण्याचा आपल्याला काय अधिकार? केदारनाथचे उदाहरण ते देतात आणि ते उदाहरण भयंकर आहेच. गौरीकुंडापासून केदारनाथपर्यंतच्या सोळा किलोमीटरच्या चढावर हजारो घोडे-खेचरे यात्रेकरूंना वाहून नेतात. २०२२च्या यात्रेत पहिल्या काही आठवड्यांतच डझनावारी जनावरे त्या वाटेवर मेली, आणि २०२५च्या मे महिन्यात घोड्यांमध्ये इन्फ्लुएंझाची साथ आल्यावर तिथली घोड्यांची वाहतूकच काही काळ थांबवावी लागली. चारधामला जाऊन आलेल्या गोमंतकीय कुटुंबांपैकी अनेकांनी ती वाट पाहिली आहे आणि त्यांच्या मनात घोड्यावरची सहल म्हणजे तेच चित्र असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही.

तरीही मला बंदीचा मार्ग मान्य नाही. धिरयोचा अनुभव आपल्याला आहे. बैलांच्या झुंजींवर न्यायालयाने १९९०च्या दशकात बंदी घातली आणि ती योग्यच होती, कारण झुंजीत जखम हाच खेळ असतो. पण त्या झुंजी भल्या पहाटे शेतांमधून होतच राहिल्या, हेही आपल्याला माहीत आहे. डोंगरातल्या घोड्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच्या कामात जखम अटळ नसते. ती काटकसरीतून येते, आणि काटकसर दूर करता येते. केदारनाथच्या वाटेवर जनावर दिवसाला दुसरी फेरी मारते की नाही यावर मालकाचा नफा अवलंबून असतो. आठ दिवसांच्या मोहिमेत दुसरी फेरी नाही. तिथे घोडा दिवसाला एक मजल मारतो आणि संध्याकाळी चरायला सुटतो, त्यामुळे घोड्यांची संख्या आणि विसाव्याचे दिवस एवढे दोन आकडे नीट ठेवले तरी बराचसा छळ उगमातच थांबतो.

शिवाय काम गेल्यावर जनावराचे काय होते, हेही पाहायला हवे. झांस्करमधल्या पदुमहून शिंगो ला खिंडीतून दारच्याला उतरणारी वाट ही घोड्यांच्या मोहिमांची एकेकाळची फार नावाजलेली वाट होती. आता निम्मू-पदुम-दारचा रस्ता त्या बाजूने झाला आहे आणि खिंडीखालून जाणाऱ्या बोगद्याचे काम २०२४च्या जुलैत सुरू झाले. रस्ता झांस्करच्या लोकांना हवा होता. हिवाळ्यात आजारी माणसाला गोठलेल्या नदीवरून चालत न्यावे लागू नये, या त्यांच्या मागणीपुढे आपल्या हौशीच्या वाटेचे दुःख क्षुल्लक आहे. पण जिथे जिथे मोटार पोहोचते तिथे तिथे घोड्याला पोसण्याचे एक एक कारण कमी होते, हे खरेच आहे. लेहमध्ये बेवारस सोडलेल्या गाढवांसाठी आश्रयस्थान चालवावे लागते. रस्ते होण्याआधी तीच गाढवे घरोघरची मिळकत होती. झांस्करी घोडा ही आपल्या देशातली मोजक्या अस्सल घोड्यांपैकी एक जात आहे. तिला संग्रहालयातल्या वस्तूसारखे जपता येणार नाही. शेतकऱ्याला शिंगरू वाढवणे परवडले तरच ती टिकेल. नीट दाम मोजणारी मोहीम हे आज त्या परवडण्याचे एक मोठे साधन आहे.

किर्गिझस्तानातील सोन-कुल सरोवर तीन हजार मीटरवर आहे. तिथे उन्हाळ्यात मेंढपाळ कुटुंबे आपल्या गोल तंबूंसह कुरणांवर येतात, आणि प्रवासी त्यांच्याच घोड्यावर बसून एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे जातो. घोडे तिथे आधीच असतात, कळपाच्या कामासाठी, दुधासाठी. पर्यटक हा वरकमाईचा भाग. त्यामुळे घोडा थकला तर त्याला बाजूला ठेवून दुसरा देणे त्या घराला जमते. आपल्याकडे चांगपांच्या मुलखात असे काही उभे राहू शकेल असे मला वाटते, पण तो निर्णय त्यांचा आहे. गोव्यात बसून मी त्यांना शहाणपण शिकवणार नाही.

माझा विषय गोवा आहे. काही जण म्हणतात की घोडा लडाखचा, वाट लडाखची, मग नियम लडाखने करावेत. गोवा सरकारचा इथे काय संबंध? हे वाक्य एका गोमंतकीयाच्या तोंडून ऐकले की मला मनापासून वाईट वाटते. कारण याच्या नेमकी उलट बाजू आपण गेली चाळीस वर्षे सोसतो आहोत. कुठल्या तरी दूरच्या शहरात बसलेला माणूस ‘गोवा, तीन रात्री, चार दिवस’ अशी सहल इतक्या स्वस्तात विकतो की तिच्यात राहण्याचे पैसेही निघू नयेत; मग ती माणसे किनाऱ्यावर बस उभी करून तिथेच चुली मांडतात, उष्टे तिथेच टाकतात आणि बसखाली झोपतात. कचरा आपण उचलतो, पाणी आपले आटते, आणि विकणारा आपला हिस्सा घेऊन मोकळा होतो. उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यांना जबर दंड करण्याचा आदेश आपल्या पर्यटन खात्याला २०२२ साली काढावा लागला, तो यातूनच. तेव्हा आपण सर्वांनी एका सुरात म्हटले होते की जो विकतो त्यालाही जबाबदार धरा. कोरझोकचा माणूस आपल्याविषयी तेच म्हणत असेल, तर त्याला काय उत्तर देणार?

इतिहासाच्या दृष्टीनेही गोव्याला घोड्याच्या सौद्याचे नवल नाही. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून आलेले घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगर, विजापूरच्या पागांमध्ये जात. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला, तेव्हा या व्यापाराची किल्ली हाती येणे हे त्यामागचे एक ठळक कारण होते, आणि पुढे घोड्यांवरची जकात हे पोर्तुगीजांचे मोठे उत्पन्न ठरले. त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोने दक्षिणेकडच्या राजांविषयी नोंदवून ठेवले आहे की ते दरवर्षी अमाप पैसा ओतून घोडे आणतात आणि ते घोडे भराभर मरतात, कारण त्यांना काय खायला घालावे हे कोणाला ठाऊक नसते आणि नालबंद मिळत नाहीत. विकत घेणाऱ्याकडे पैसा होता, घोड्याची माहिती नव्हती. सातशे वर्षांनी तीच उणीव आपल्या सहलीच्या पावतीत दिसते.

करायचे काय, हे मी ठोसपणे सांगतो. गोव्यात १९८२ सालापासून पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा आहे आणि हॉटेलांप्रमाणेच प्रवासी संस्थांनाही त्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. घोड्यांच्या मोहिमा विकणाऱ्या प्रत्येक संस्थेने पैसे घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला मराठीत किंवा कोकणीत एक पानाचे लेखी माहितीपत्र दिलेच पाहिजे, अशी अट या नोंदणीला जोडावी. त्यासाठी नियमांत किंवा कायद्यात दुरुस्ती लागणार असेल तर विधानसभेने ती करावी. त्या पानावर घोड्यांची संख्या असावी, प्रत्येक घोड्यावर चढणारा जास्तीत जास्त भार किलोत असावा, स्वारांच्या वजनाची मर्यादा असावी, घोड्यांच्या विसाव्याचे दिवस आणि बरोबर नेली जाणारी चंदी असावी, आणि घोडेवाल्याला परतीच्या दिवसांसह दर दिवसाला किती रक्कम मिळणार तेही असावे. शेवटच्या नोंदीला संयोजक सर्वांत जास्त विरोध करतील, आणि म्हणूनच ती सर्वांत महत्त्वाची आहे. ग्राहक संरक्षणाचा २०१९चा कायदा सेवेचा दर्जा, परिमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला देतो. आठ दिवस ज्याच्या पाठीवर आपण बसणार आहोत त्या जनावराची माहिती या हक्काच्या बाहेर राहू नये. पानावर लिहिलेले डोंगरात पाळले गेले नाही, तर परत आलेला गिऱ्हाईक पणजीतच तक्रार करू शकेल. अकरा जणांच्या तुकडीत घोडे मोजायला पोलीस लागत नाही.

चंदीची नोंद मी मुद्दाम घातली आहे. बहुतेक तुकड्या घोड्यांसाठी काहीच नेत नाहीत. घोडे वाटेतल्या कुरणांवर सोडले जातात, आणि ती कुरणे चांगपांच्या पश्मिना शेळ्यांची असतात. तिथे गवत बोटभर वाढते आणि वर्षातून एकदाच वाढते.

याने मोहीम महागेल, हे मी नाकारत नाही. अठरा घोडे चौदांपेक्षा महाग पडणार, विसाव्याचा एक दिवस म्हणजे अकरा जणांचे एक दिवसाचे जेवण आणि घोड्यांचे एक दिवसाचे भाडे. पण ज्या दिवसांवर काटकसर होते त्याच दिवसांवर माणसाचाही जीव अवलंबून असतो. गोव्याचा माणूस समुद्रसपाटीवरून विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला उतरतो, जिथे श्वासातून मिळणारा प्राणवायू इथल्या दोनतृतीयांशावर आलेला असतो. पाच हजार मीटरवर तो निम्म्याच्या थोडा वर राहतो. तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा डॉक्टरांचा सल्ला आहे. पायी चालणाऱ्याला त्याचे शरीर दम लागून थांबवते. घोड्यावर बसलेल्याला दम लागत नाही, म्हणून तो झेपेल त्याहून लवकर वर पोहोचतो आणि रात्री डोके धरून बसतो. आमच्या तुकडीतल्या फोंड्याच्या एका बाईंना तिसऱ्या रात्री इतका त्रास झाला की पहाटे त्यांना खाली न्यावे लागले, आणि त्यांना नेणारा घोडा ओझ्याच्याच घोड्यांतून काढावा लागला. त्या घोड्याचे ओझे कोणाच्या पाठीवर गेले ते सांगायला नको.

गेल्या महिन्यात दोन मित्रांच्या आग्रहावरून मी पुन्हा एका संयोजकाच्या कार्यालयात गेलो होतो. या वेळी स्पितीचा बेत आहे. जेवण, तंबू, प्राणवायूचा सिलिंडर यांची सगळी माहिती त्यांनी तत्परतेने दिली. घोडे किती असतील, हे त्यांनी मनालीला फोन लावून विचारले आणि आकडा सांगितला. घोडेवाला परत किती दिवसांत जातो आणि त्या दिवसांचे त्याला काय मिळते, हे मी विचारले तेव्हा ते जरा थांबले, आणि हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता असे म्हणाले. विचारून कळवतो असे त्यांनी कबूल केले आहे. मी माझे वजन त्यांच्या वहीत लिहून ठेवले आहे. पैसे अजून भरलेले नाहीत.